बिनमालकाच्या शेडला मालक नेमताना

मी, कपिल भगवानराव भोयर, वय सत्तावीस, धंदा विचाराल तर ठरलेला नाही, राहणार दारव्हा, जिल्हा यवतमाळ (राहतो तेव्हा इथेच राहतो), हे मृत्युपत्र माझ्या हाताने, पूर्ण जागेपणी, चहा घेऊन लिहून ठेवत आहे. माझ्यावर कुणाची जबरदस्ती नाही. मी नशेत नाही. मनात हेवा आहे, बराच आहे, आणि कुणाचा आहे ते पुढे येईलच. मी सदाशिवकाका वकिलांना विचारलं, की हेवा भरलेला माणूस कायद्याने शुद्धीवर धरतात का. ते म्हणाले, "धरतात. नाहीतर अर्ध्या जिल्ह्याची मृत्युपत्रं रद्द होतील."

कारण असं, की नागपूरला माझ्या हृदयाचा एक व्हॉल्व बदलायचा आहे. लहानपणी ताप येऊन सांधे सुजायचे, तेव्हाच तो बिघडला म्हणतात. डॉक्टर म्हणाले घाबरण्यासारखं काही नाही, आणि मग ज्या कागदावर सही घेतली तो वाचून मी घाबरलो. मी वाचलो तर हे मृत्युपत्र फाडून टाकता येईल. मी गेलो आणि हे नसलं, तर माझं गावाबाहेरचं शेड कायद्याने आईकडे जाईल, आणि आईकडे गेलं म्हणजे माझा मोठा भाऊ अमर ते पाडून तिथे दुकानाचे गाळे काढेल. त्याने नकाशासुद्धा काढून ठेवला आहे. मी पाहिला. शौचालय चुकीच्या बाजूला दाखवलं आहे.

कलम १. बँकेत जे निघेल ते माझी आई लीलाबाई हिला द्यावं. फार निघणार नाही. त्यातून तिने स्वतःचा चष्मा बदलावा, बदलला की नाही ते समीक्षाने पाहावं. आईबद्दल माझी एकच तक्रार आहे, ती नोंदवून ठेवतो. संघर्ष घरी आला की ती त्याच्या ताटात ठेचा जास्त वाढते. मी विचारलं तर म्हणते, "त्याले इथं कोनी नाही रे बापा." मी म्हणालो, "मले तरी कोन आहे?" तर म्हणे, "तू घरी राह्यतं कुठं, वाढू कोनाले?"

संघर्ष म्हणजे माझ्याच वयाचा एक वेल्डर. मूळचा राजूरचा. वडील कोळशाच्या खाणीत होते, ते गेल्यावर इकडे कामाला आला. हेवा त्याचाच.

कलम २. माझी मोटरसायकल समीक्षाला. समीक्षा ही माझी कॉलेजातली मैत्रीण. कॉलेज मी दुसऱ्या वर्षाला सोडलं, तिने पुरं केलं, आता शिकवण्या घेते. गाडीची क्लच केबल नवीन आहे. अट एकच: संघर्षला ही गाडी चालवायला देऊ नये. मागे बसला तर हरकत नाही. खरं म्हणजे मागे बसायलाच जास्त हरकत आहे, पण तेव्हा हरकत घ्यायला मी नसेन, म्हणून लिहीत नाही.

कलम ३. शेड. याचं जरा लांबेल.

यवतमाळच्या रस्त्याला लागून आमचा प्लॉट आहे, त्यावर टिनाचं शेड. बाबा त्यात कापूस साठवायचे. बाबा गेल्यावर वाटणीपत्र झालं, शेत अमरला, शेड मला. अमरला वाटलं आपण जिंकलो. मलाही वाटलं आपणच जिंकलो. इतकी चांगली वाटणी फार कमी घरांत होत असेल.

बाबांचा एक लाडका शब्द होता, अराजक. दारात चपला आडव्यातिडव्या दिसल्या की घरात अराजक माजलं. पेपरातही कुठे दगडफेक झाली की हाच शब्द. पण मी वाढलो दारव्ह्याच्या जीपस्टँडवर, शाळेत कमी आणि तिथे जास्त. तिथे साहेब नाही, मालक नाही, शिपाई तर नाहीच नाही. तरी पहिल्या नंबरची जीप भरल्याशिवाय दुसऱ्या नंबरवाला सीट उचलत नाही. उचललीच तर कुणी मारायला धावत नाही. फक्त दुसऱ्या दिवशी त्याला चहाला कुणी हाक मारत नाही, आणि त्याची गाडी बंद पडली तर ढकलायला कुणी उठत नाही. चारेक दिवसांत तो सरळ होतो. एकदा देवीलाल जीपवाल्यानेच असं केलं होतं, तेव्हा त्याच्या जीपमध्ये बकरी होती आणि... असो. ते बकरीचं इथे नको.

मला तिथे बसून काहीतरी दिसत होतं, पण सांगता येत नव्हतं. बाबांच्या अर्थाने तिथे अराजक नव्हतं, आणि शब्दाच्या अर्थाने पुरतं होतं. राजा नव्हता, तरी चपला सरळ होत्या.

म्हणून शेड हातात आलं तसं मी कुलूप काढून फेकलं. फवारणीचे पंप, शिडी, ड्रिल, लग्नात लागणारे मोठे गंज-पातेली, सतरंज्या, सगळं आत ठेवलं. लोकांनीही आपापलं आणून ठेवलं. ज्याला लागेल त्याने न्यावं, झालं की आणावं. कुणाचं काही नाही, सगळ्यांचं सगळं. भिंतीवर मी मोठ्या अक्षरांत लिहिलं, "इथे नियम नाही." समीक्षाने रंगाचा डबा धरला होता. तो दिवस मी कुणालाही देत नाही. तो या मृत्युपत्रात नाही.

एक वर्ष छान गेलं. दुसऱ्या पावसाळ्यात नंदाबाईंची पऱ्हाटी, म्हणजे उभी कपाशी, गेली.

नंदाबाई शेडच्या मागच्या वस्तीत राहतात. नवरा नाही, शेत स्वतः करतात. झालं असं, की कुणीतरी शेडमधला पंप नेऊन बांधावर तणनाशक मारलं आणि पंप न धुता आणून ठेवला. दुसऱ्या दिवशी नंदाबाईंनी तोच पंप नेला, त्यात माव्याचं औषध कालवलं आणि सगळ्या पऱ्हाटीवर मारलं. आठवड्याभरात पानं आकसून बोटांसारखी वळली. पात्या, म्हणजे फुलाच्या कळ्या, गळाल्या. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, तणनाशकाचा पंप वेगळा ठेवायचा. घरोघरी तो वेगळाच असतो. आमच्या शेडमध्ये सगळ्यांचं सगळं होतं, म्हणून तो वेगळा नव्हता.

संध्याकाळी शेडमध्ये बैठक बसली. "कोनी नेलता पंप?" ते आजवर कळलेलं नाही. अमर मुद्दाम आला होता, दारातच गाडीवर बसून राहिला.

"पाह्य बे, हेच अराजक," तो म्हणाला. "बाबा सांगत होते का नाही? लाव आता कुलूप. चाबी माह्याकडे दे."

कुणी म्हणालं अध्यक्ष नेमा. कुणी म्हणालं दंड लावा. मी उभा राहिलो आणि बोललो, की अध्यक्ष आला म्हणजे राजा आला, दंड आला म्हणजे शिपाई आला, आणि शिपाई आला की कुलूप आपोआप येतं. चांगलं बोललो होतो. मला अजून तोंडपाठ आहे.

नंदाबाई खाली बसल्या होत्या. म्हणाल्या, "कपिलभाऊ, तुमचं भाषण झालं का मले सांगजा. माही पऱ्हाटी तं जाऊन राह्यली."

लोक हसले. कोपऱ्यात संघर्ष बसला होता. त्याला आमच्यात येऊन थोडेच दिवस झाले होते. तो दिव्याची वायर जोडत होता. मान वर न करता म्हणाला, "राजा नसला तरी रीत लागते ना."

एवढंच. आणि पुन्हा वायर सोलायला लागला.

हे वाक्य माझं असायला पाहिजे होतं. सदाशिवकाकांना मी विचारलं, वाक्यावर हक्क सांगता येतो का. ते म्हणाले नाही. जीपस्टँडवर सगळं आयुष्य मी बसलो, जिभेच्या टोकावर ते माझ्या होतं, आणि हा राजूरहून येऊन पेचकस हातात धरून बोलून गेला. समीक्षाने त्याच्याकडे पाहिलं. तिची ती पाहण्याची तऱ्हा मला माहीत आहे. आधी ती माझ्या वाट्याला होती, निदान मी तसं धरून चाललो होतो.

दुसऱ्या दिवशी पाहतो तर दोन पंपांना लाल पट्टा मारलेला. हे तणनाशकाचे, बाकीचे औषधाचे. आणि भिंतीवर, बरोबर माझ्या "नियम नाही"वर, ओळीने खिळे. जो वस्तू नेईल त्याने त्या वस्तूच्या खिळ्यावर स्वतःचं काहीतरी टांगायचं. डोक्याला बांधायचा दुपट्टा, टोपी, डबा, काहीही. दुपट्टा दिसला की कळतं पंप कुणाकडे आहे. आणि ज्याचा दुपट्टा इथे अडकला त्याच्या डोक्याला तिकडे ऊन लागतं, म्हणून तो पंप धुऊन लवकर आणतो. लिहायचं काही नाही, राखायला कुणी नाही.

मी संघर्षला विचारलं, "हे ठरवलं कोनी?"

"कोनीच नाही," तो म्हणाला. "तुले नसंन पटत तं खिळे काढून टाक ना. तुलेही काढता येते."

मी खिळे काढले नाहीत. चांगले होते खिळे. रागही त्याचाच आहे. वाईट असते तर मी त्याला मिठी मारली असती.

मग तो एकटाच नंदाबाईंच्या शेतात पऱ्हाटी उपटायला गेला. कुणाला चल म्हणाला नाही. त्याला जाताना पाहून एक गेला, त्याला पाहून दुसरा. शेवटी सगळी वस्ती शेतात. पुढे सगळ्यांनी मिळून हरभरा पेरून दिला. मी त्या वेळी शेडमध्ये समीक्षाला समजावत होतो, की आपोआप पुढारी होणं हे निवडून येण्यापेक्षा जास्त धोक्याचं कसं आहे. ती म्हणाली, "कपिल, तो पुढारी नाही झाला. तो फक्त आधी गेला." आणि तीही गेली.

मी गाव सोडलं. महागावला जिनिंगमध्ये रुई दाबली, राजूरला कोळशाच्या टिप्परवर क्लीनर होतो. राजूरला मुद्दाम गेलो, हे लिहायला हरकत नाही. तिथे त्याच्याबद्दल वाईट सांगणारा कुणी भेटेल असं वाटलं होतं. एक चहावाला भेटला. म्हणे, "संघर्ष? लय चांगला पोरगा. कसा आहे तो?" तिथला चहा काळपट असतो, कोळशाने की चहापत्तीने ते शेवटपर्यंत कळलं नाही.

या हिवाळ्यात दम लागायला लागला तेव्हा परत आलो. सरळ शेडवर गेलो. मनात असं होतं, की टिन गंजलं असेल, पंप चोरीला गेले असतील, आणि लोक म्हणतील, कपिल, तूच पाहिजे होता. शेड भरलेलं होतं. शिलाईच्या दोन मशिना नव्या आल्या होत्या. एक अनोळखी बाई, बेबीताई, काजे करत बसल्या होत्या. मी थंडी वाजते म्हणून सतरंजी उचलली.

"ओ भाऊ," त्या म्हणाल्या, "नेता तं न्या, पन आपलं काही टांगून जा."

"मले ओळखलं नाही का तुम्ही?"

"नाही. कोन होय तुम्ही?"

"हे शेड माह्यं आहे."

बेबीताईंनी मशीन थांबवली आणि मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "असं कसं? हे तं कोनाचंच नाही."

माझंच तत्त्व, त्यांच्या तोंडून, माझ्याविरुद्ध. मी माझा झोळा टांगला आणि सतरंजी घेऊन घरी आलो. रात्रभर छाती दुखली. डॉक्टर म्हणतात ती व्हॉल्वने.

कलम ४. शेडमधला काळा कुत्रा माझा नाही, वरील कारणाने. पण तो पिल्लू असताना त्याला माझ्या डब्यातली भाकर मी चारली हे जाहीर करतो. आता तो वेल्डिंगच्या ठिणग्या उडत असतानाही संघर्षच्या पायाशी झोपतो. कुत्र्याला काही देत नाही.

माझे पाने, पकडी, हातोडी शेडलाच राहू द्यावे. अमरला काही देत नाही. त्याच्याकडे शेत आहे, बाबांची खाट आहे, आणि बाबांचा आवाजही त्यालाच गेला आहे.

कलम ५. आता मालक.

मी सदाशिवकाकांना म्हणालो, शेड कुणालाच देऊ नका. ते म्हणाले, "कायद्याला नाव लागतं. 'कुणीच नाही' हे नाव नाही."

"मग सगळ्यांच्या नावावर करा."

"सगळ्यांपैकी एक जण उद्या उठून वाटणी मागेल. टिनाचे तुकडे वाटशील?"

"मग?"

"संस्था नोंदव. अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव..."

मी उठलो तेव्हा ते म्हणाले, "बस. बाहेर ऊन आहे. एकच माणूस शोध, ज्याच्यावर तुझा भरवसा आहे."

म्हणून मी विचारत फिरलो. समीक्षा म्हणाली, "माह्या नावावर नको. उद्या लग्न झालं तं सासरचे इचारतीन, ते शेड सुनेचं का पोराचं." कुणाशी लग्न, ते मी विचारलं नाही. नंदाबाई म्हणाल्या, "मले कायले? एका शेताच्या कागदानं माहा जीव खाल्ला." देवीलाल जीपवाला म्हणाला, "मी ड्रायव्हर मानूस, मले चाक नसलेली वस्तू समजत नाही." अमर लगेच हो म्हणाला. विचारलेल्यांत हो म्हणणारा तो एकटाच.

शेवटी संघर्ष. तो शिडीवर चढून टिनाचं भोक बुजवत होता. मी खालून सगळं समजावून सांगितलं, ऑपरेशन, कायदा, गाळे. तो ऐकत होता.

"नको," तो म्हणाला.

"काहून?"

"नावावर आलं का लोकं इचारून नेतीन. आता नाही इचारत."

मी भाषणं देऊन, भिंत रंगवून, गावोगाव फिरून ज्या जागी पोचलो नाही, तिथे हा शिडीवर बसलेला आहे, तोंडात दोन स्क्रू धरून. माणसाला दुसऱ्याच्या पैशाचा हेवा वाटतो, बायकोचा वाटतो. मला दुसऱ्याच्या 'नको'चा वाटतो. असं दुखणं कुठल्या डॉक्टरला दाखवावं?

मी पुन्हा सदाशिवकाकांकडे गेलो. विचारलं, "मृत्युपत्रात ज्याला द्यायचं त्याची परवानगी लागते का?"

"नाही," ते म्हणाले. "तुझ्यामागे त्याला हवं तर तो नाकारू शकतो."

"नाकारलं तर?"

"मग तुझी वारस आई."

म्हणजे अमर. म्हणजे गाळे. मला बऱ्याच दिवसांनी बरं वाटलं.

सबब मी, माझ्या पश्चात, उपरोक्त प्लॉट व त्यावरील टिनाचं शेड संघर्ष देवराव मेश्राम याच्या नावे करतो. संघर्ष, हे तुझ्यासाठी लिहितो: ही भेट नाही, सूड आहे. तू मालक हो. सातबारा की काय ते, त्याच्यावर तुझं नाव चढू दे. आता नको म्हणून दाखव. नको म्हटलंस की अमर नकाशा घेऊन उभा आहे.

मालक म्हणून त्याला एकच अधिकार देतो: शेड विकायला, गहाण टाकायला, कुलूप लावायला जो कुणी सांगेल, त्याला नाही म्हणण्याचा. बाकी त्याने कुणालाही इतरांपेक्षा जास्त सांगू नये. पंप हवा असेल तर त्यानेही दुपट्टा टांगावा. सदाशिवकाका म्हणाले, "अशी अट कोर्टात किती टिकेल ते सांगता येत नाही." मी म्हणालो, कोर्टात नाही टिकली तरी संघर्षमध्ये टिकेल. हे वाक्य लिहायला मला पूर्ण सकाळ लागली. मध्ये दोनदा उठून बाहेर जाऊन आलो.

एवढं करून माझ्या हातून राजा नेमला गेला का? मी खूप विचार केला. जीपला नंबर असतो म्हणून ती जीप राजा होत नाही. तिने फक्त आधी भरायचं असतं आणि मग रस्त्याला लागायचं असतं. कागदावर एक नाव लागतंच, तर ते अशाचं असावं ज्याला ते टोचेल. टोचायचं थांबलं, की दुसरं नाव शोधावं. हे मला सुचलं आहे. संघर्षने सांगितलेलं नाही. साक्षीदारांनी लक्षात ठेवावं.

कलम ६. माझ्यामागे शेडमध्ये लोक जमले तर समीक्षाने बोलावं. संघर्षला बोलू देऊ नये. तो तीन शब्द बोलेल आणि सगळे रडतील.

साक्षीदारांबाबत: वकिलांनी सांगितलं, की ज्याला यातून काही मिळत नाही असा माणूस साक्षीला असावा. मी विचार केला तर दारव्ह्यात माझ्या ओळखीचे बहुतेक सगळे शेडमधून काही ना काही नेतात. उरला देवीलाल, तो स्वतःचे पाने स्वतःच्या जीपमध्ये ठेवतो. आणि दुसरा ज्याला मी खरोखरच काही दिलेलं नाही, तो. त्याला मी काल विचारलं. त्याने आधी इथवर सगळं वाचलं. मग म्हणाला, "पेन आन."

याआधी मी कुठलंही मृत्युपत्र केलेलं नाही. हेच पहिलं. वर लिहिलेलं मी पुन्हा वाचलं. खोडण्यासारखं बरंच आहे, खोडलेलं काही नाही.

ठिकाण: दारव्हा, जि. यवतमाळ
दिनांक: १७ फेब्रुवारी २०२६

सही: कपिल भगवानराव भोयर

आम्हा दोघांसमोर कपिलने सही केली, आणि त्याच्यासमोर आम्ही.

साक्षीदार १. देवीलाल किसन राठोड, जीपचालक, दारव्हा. (सही) बकरीचं नाही लिहिलं, बरं केलं.

साक्षीदार २. अमर भगवानराव भोयर, शेती, दारव्हा. (सही) मजकूर पूर्ण वाचला. मले पटला नाही. शेड मले पाहिजे होतं, आताही पाहिजे. पन सही माह्यासमोर झाली हे खरं आहे. उद्या सकाळी नागपूरले याच्यासंग मीच जाऊन राह्यलो. याले वापस आनतो आन मंग हा कागद याच्याच हातानं फाडाले लावतो.